पंच्याखालचं वाचन

पोत्याच्या तोंडाशी दिसणारी हळद मी आयुष्यात कधी खरी मानली नाही. तोंडाशी सगळेच चांगला माल ठेवतात. सांगलीच्या मार्केट यार्डात माझा उभा जन्म हळद पारखण्यात गेला, आणि त्या कामाची माझी रीत एकच होती. हात कोपरापर्यंत पोत्यात घालायचा, खालचं हळकुंड वर काढायचं आणि कानाशी धरून मोडायचं. नीट वाळलेलं असलं तर कट्टकन तुटतं. आत ओल असली तर आधी वाकतं, मग नाइलाजानं तुटतं, आणि तोवर माल आणणारा गडी दुसरीकडे बघायला लागलेला असतो. मी हळकुंडापेक्षा त्या गड्याच्या तोंडाकडेच जास्त बघायचो.

यंदाचा हंगाम सुरू झालाय. फेब्रुवारीचं ऊन तापायला लागलं की वाऱ्याबरोबर ती कडवट, मातकट धूळ येते. गॅलरीतल्या दोरीवरचे पांढरे कपडे पिवळट दिसायला लागतात आणि माझी सून स्वाती करवादते. मी काम सोडलं त्याला बरीच वर्षं झाली, पण तो वास नाकात गेला की माझ्या अंगातला जुना संशय उठून बसतो. मेथीची जुडी सोडून आतली बघतो. दूधवाल्यासमोर दुधात बोट बुडवतो. स्वाती म्हणते, "आबा, सोताच्या सावलीवर तरी तुमचा इस्वास हाय का?" सावलीवर आहे. सावलीला बूड नसतं, त्यामुळे तपासायचा प्रश्नच येत नाही.

पण दोन वर्षांपूर्वीचा हंगाम आठवला की माझी ही ऐट उतरते.

माझी नात जुई तेव्हा सिनियर केजीत होती. तिचा बाप, माझा महेश, फौजेत. तो वर कुठंतरी बर्फात, आणि बायको, पोर माझ्यापाशी सांगलीत. आमचं मूळ गाव उंब्रजच्या बाजूचं, तिथला ऊस थोरला भाऊ बघतो. मी तरुणपणी हळदीच्या मागं इकडं आलो तो इथलाच झालो. तर त्या फेब्रुवारीत जुईच्या मिसनी स्वातीला शाळेत बोलावून घेतलं. जुईला इंग्रजीची अक्षरं येतात, पण शब्द वाचता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. मार्चच्या शेवटी तिच्यापुढं दहा कार्डं ठेवू. सात वाचली तर पहिलीत. नाहीतर आणखी एक वर्ष सिनियर केजीतच राहू दे, तिच्याच भल्याचं आहे.

भल्याचं असं कुणी म्हणालं की मी लगेच सावध होतो. पण जुईनं ते ऐकलं होतं. घरी येताना गाडीवर मागं बसून तिनं आईला विचारलं, "मग रिया, अन्वी पुढं जानार आनि मी बारक्या पोरांत बसायचं?" स्वातीनं मला हे सांगितलं तेव्हा तिचे डोळे भरले होते. मी म्हटलं, "माझ्याकडं दे तिला. महिनाभरात वाचायला लावतो." महेशलाही फोनवर तसाच शब्द दिला.

मिसनी शिकवण्याची पद्धत समजावून सांगितली होती. फोनिक्स म्हणे. अक्षराचं नाव घ्यायचं नाही, आवाज घ्यायचा. सी म्हणायचं नाही, क् म्हणायचं. ज्या शब्दांचा शेवट सारखा ते सगळे एका घरात राहतात. ॲटच्या घरात कॅट, बॅट, रॅट. ॲनच्या घरात पॅन, फॅन, मॅन. शेवट एकदा ओळखता आला की पहिलं अक्षर बदलत जायचं, नवा शब्द आपोआप होतो. मला काही ते पटेना. आम्ही सी-ए-टी कॅट असं घोकलं, हातावर छड्या खाल्ल्या, आणि ते कॅट आजतागायत डोक्यात आहे. ज्या अक्षराचं नाव एक आणि बोलणं दुसरंच, असल्या दुटप्पी गड्याला मी यार्डात बाकड्यावर टेकू दिलं नसतं. पण मिसची पद्धत, मिसची परीक्षा. करणार काय?

पहिले चार-पाच दिवस वाया गेले. पोर कार्डाकडे सोडून सगळीकडे बघायची. पंख्याकडे, मुंगीकडे, माझ्या कानातल्या केसांकडे. मग मला यार्डातली जुनी पद्धत आठवली. पूर्वी हळदीचा भाव तोंडानं बोलत नसत. विकणारा आणि घेणारा हातात हात घालायचे, वरून पंचा टाकायचे, आणि काय ते पंच्याखाली बोटं दाबून ठरायचं. भोवती माणसांचं कडं उभं असलं तरी कुणाला पत्ता लागायचा नाही. पुढं ते सगळं बदललं, पण माझ्या बोटांतून ती बोली काही गेली नव्हती. मी जुईला म्हटलं, "चल, आपण सौदा करू."

अंगठा म्हणजे ॲट. शेजारचं बोट ॲन, मधलं इन, त्यापुढचं ऑग आणि करंगळी अग. पाच बोटं, पाच घरं. समोर पाटावर कार्ड ठेवायचं. तिचा हात माझ्या हातात, वरून माझा पंचा. तिनं कार्डावरच्या शब्दाचा शेवट ओळखायचा, माझं ते बोट दाबायचं आणि मग अख्खा शब्द मोठ्यानं म्हणायचा. पोर एकदम खूश झाली. शाळेतून आली की दप्तर टाकायची आणि "आबा, सौदा" म्हणून पंचा ओढायची. तिचा हात कायम चिकट असायचा, कधी गुळानं, कधी आणखी कशानं. तो माझ्या हातात आला की मला दुपारची झोपही नको वाटायची.

आणि आठवड्याभरात ती धडाधड वाचायला लागली. फॅन. डॉग. बग. पिन. एकही चूक नाही.

दुसरा कुणी आजोबा असता तर पेढे वाटले असते. मला घाम फुटला. इतक्या झटकन वाळलेली हळद मी बघितली नव्हती. कुठंतरी काहीतरी काळंबेरं असणारच. कार्डावर चित्रं होती. म्हटलं, ही चित्र बघून सांगते. कात्री घेतली आणि सगळी चित्रं कापून टाकली. तरी वाचते. मग म्हटलं, कार्डांचा क्रम पाठ झालाय. पत्त्यांसारखी पिसली. तरी वाचते. स्वयंपाकघराच्या दारातून स्वाती ओठ हलवते की काय, अशी शंका आली.

"स्वाती, तू आत जा बरं."

"आवं आबा, मी कणीक मळतीय हितं बसून."

"मग कनकीकडं बघ. हिकडं बघू नगंस."

स्वाती पिठाचे हात घेऊन उठली आणि जाताना म्हणाली, "पोरगी पाच वर्साची हाय. तुमी तिला दरोडेखोर करून ठेवलासा." मी काही मनावर घेतलं नाही. शेवटचा संशय मोबाइलवरच्या गाण्यांचा होता. त्यात कॅट-बॅटची रेलचेल. ऐकून पाठ झालं असणार. म्हणून मी स्केचपेननं नवीनच शब्द लिहिले, ज्यांना जगात काही अर्थ नाही. झॅट. वॉग. पॅन, फॅन गाण्यात असणार म्हणून ते सोडून यॅन. जुईनं पंच्याखाली माझी बोटं चाचपली आणि तिन्ही वाचले. वर विचारते, "आबा, झॅट म्हंजे कोन?"

आता मात्र मी मानलं. कोपरापर्यंत हात घातला होता, बुडाचं हळकुंड काढलं होतं, मोडून बघितलं होतं. महेशचा फोन आला तेव्हा मी छाती फुगवून सांगितलं की तुझी लेक पहिलीत गेलीच म्हणून समज. तो म्हणाला, "आबा, तुमी म्हनताय म्हंजे खरंच." पलीकडे वारं घोंघावत होतं आणि तो लहान पोरासारखा हसत होता.

मार्चच्या मध्यावर मिसचा निरोप आला. जुईला अजून एकही शब्द वाचता येत नाही.

मी तडक स्वातीला म्हटलं की ही बाई लबाड आहे. हिला खासगी शिकवणी लावून घ्यायची असणार, किंवा पहिलीत जागा कमी असतील. दुसऱ्या दिवशी धोतर-टोपी चढवून मी स्वतः शाळेत गेलो. केजीच्या वर्गात सगळ्या खुर्च्या वीतभर उंचीच्या. मी बसलो तर गुडघे हनुवटीला लागले. मिस तरुण होत्या, घसा बसलेला. मी त्यांच्या तोंडाकडे रोखून बघत होतो, यार्डात बघायचो तसं. त्या काही दुसरीकडे बघायला तयार नव्हत्या. त्यांनी जुईला समोर बसवलं आणि कॅटचं कार्ड पुढं केलं.

"क्," जुई म्हणाली. आणि तिनं टेबलाखाली हात पुढं केला. तळवा उघडा, वर केलेला. मग कार्डाकडे न बघता माझ्याकडे बघत राहिली.

"रोज असंच होतं बघा," मिस म्हणाल्या. "पहिला आवाज अगदी बरोबर सांगते, मग हात मागते. मला वाटलं घाबरत असेल, म्हणून मी एकदा तिचा हात धरला. तर ती माझी बोटं चाचपत बसली. मग म्हणाली, मिस, तुमच्या हातात काहीच नाही."

मिसनी पाणी विचारलं, ते नको म्हणालो. जुईला घेऊन चालत घरी आलो. वाटेत ती माझं बोट धरून उड्या मारत होती आणि मला ते बोट तिच्या मुठीतून काढून घ्यावंसं वाटत होतं.

घरी आल्यावर पाट मांडला, पंचा घेतला. स्वातीला म्हटलं, कार्ड तू धर, मला दाखवू नको. मी डोळे गच्च मिटले. जुईचा हात माझ्या हातात आला. "प्," ती म्हणाली. मग तिची बोटं माझ्या अंगठ्यावरून निघाली, एकेक बोट हलकेच चाचपत करंगळीपर्यंत गेली, परत आली, परत गेली. बराच वेळ गेला. शेवटी ती कंटाळून म्हणाली, "आबा, डोळं उघडा की. मला वाचायचंय."

मला आजही ते वाक्य नीट सांगता येत नाही.

पोरीनं मला फसवलं नव्हतं. मी कार्डावरचा शब्द मनात वाचला की माझं ते बोट आपोआप घट्ट व्हायचं. वर्षानुवर्षांची पंच्याखालची सवय. इतकं हलकं व्हायचं की मला कळलं नाही, तिला कळलं. तिच्या हिशेबी वाचन म्हणजे हेच होतं. पहिलं अक्षर कार्डावर असतं आणि राहिलेलं आबांच्या हातात असतं. मी चित्रांवर संशय घेतला, कार्डांवर घेतला, कणीक मळणाऱ्या सुनेवर घेतला, घसा बसलेल्या त्या बिचाऱ्या मिसवर घेतला. स्वतःच्या हाताकडे बघायचं काही सुचलं नाही. त्या संध्याकाळी मला इतकी लाज वाटली की मी जेवणाच्या ताटावरून उठलो.

परीक्षेला नऊ दिवस होते. स्वातीनं पंचा धुवायला टाकला आणि परत बाहेर काढला नाही. मी मिसची पद्धत मुकाट्यानं धरली. पहिलं अक्षर अंगठ्यानं झाकायचं, नुसता शेवट वाचायचा, मग अंगठा काढायचा. आणि शिकवताना माझे दोन्ही हात मांडीखाली. अंगठा स्वातीचा. जुईला हे अजिबात आवडलं नाही. तिला वाटलं, आबा रुसलेत. पहिल्या दिवशी ती माझ्या मांडीखाली हात घालून माझा हात ओढायला लागली. दुसऱ्या दिवशी रडली. "तुमच्या हातात हुतं तवा मला येत हुतं," ती म्हणाली, "आता तुमी का देत न्हाईसा?" मी हात मांडीखाली आणखी आत सरकवले.

आणि खरं सांगतो, मी एकदा हात दिला. स्वाती आत होती. पिनवर गाडं अडलं होतं, पोरीच्या गालावर पाणी आलं होतं, आणि मी पंच्याशिवायच हात पुढं केला. क्षणात ती पिन म्हणाली, हसली, मीही हसलो. दारात स्वाती उभी. तिच्या डोळ्यांत अगदी माझाच संशय होता. "आबा," ती एवढंच म्हणाली. त्यानंतर राहिलेले दिवस ती माझ्याशेजारीच बसली, माझ्या हातांवर राखण ठेवून.

हल्ली हंगामात कधीमधी नवे व्यापारी नमुना घेऊन घरी येतात. आबा, जरा बघून सांगा. मी हात मागं बांधतो, तोंडही भिंतीकडे करतो आणि म्हणतो, तूच मोड, तूच सांग. म्हातारा आखडू झाला असं त्यांना वाटतं. वाटू दे. माझ्या हाताखाली किती माणसं हळद पारखायला शिकली म्हणून मी एके काळी मिरवायचो. आता त्यांचे चेहरे आठवले की शंका येते. हळकुंड मोडताना ती माणसं हळकुंडाकडे बघत होती की माझ्या भुवयांकडे? त्यांना पारख आली, की मी चांगलं म्हणायच्या आधी माझं तोंड वाचता आलं? विचारायला आता त्यांतले फार थोडे उरलेत, आणि विचारायची माझी हिंमतही नाही.

परीक्षेच्या दिवशी मी आणि स्वाती वर्गाबाहेर खिडकीशी उभे होतो. मिसनी मला आत येऊ दिलं नाही, आणि बरोबरच केलं. ऊन डोक्यावर आलं होतं. मी माझे हात पाठीमागं एकमेकांत घट्ट अडकवून ठेवले होते, न जाणो गजांतूनही काही पोहोचायचं. आत जुई वीतभर खुर्चीवर ताठ बसली होती. दोन्ही हात टेबलाखाली.

फॅन वाचलं. रॅट वाचलं. हॉग काही जमलं नाही, रगही नाही, अजून एक सुटलं. स्वाती बोटांवर मोजत होती. मग सलग तीन बरोबर आली, मग आणखी एक. सहा झाली. मला पुन्हा तोच जुना घाम फुटला. चाचपडणारी पोर सलग चार कशी वाचते? मिसचे हात टेबलावर, दोन्ही दिसत होते. वर्गात तिसरं कुणी नव्हतं. मग हिला सांगतंय कोण? मला राहवेना. खिडकीचा गज धरून मी गुडघ्यात वाकलो आणि टेबलाखाली बघितलं.

तिनं फ्रॉकचा घेर मांडीवर पंच्यासारखा पसरला होता. त्याच्या कडेतून दिसत होतं. तिच्या उजव्या हातात तिचाच डावा हात होता.

शेवटचं कार्ड पिनचं आलं. "प्," जुई म्हणाली. फ्रॉकखाली एक बोट दाबलं गेलं. "पॅन."

"परत बघ," मिस म्हणाल्या.

जुईनं परत बघितलं. कार्डाकडे बघितलं, बराच वेळ, ओठ पुटपुटत. फ्रॉकखालचा उजवा हात त्या बोटावरून सुटला, पुढं सरकला आणि मधल्या बोटावर थांबला.

"पिन."

मिसनी कागदावर खूण केली. स्वातीनं माझा दंड इतका आवळला की वळ उठला. "सात झाली, आबा," ती म्हणाली, आणि मग हळूच, माझ्याकडे तिरकं बघत, "खरं सांगा, कुनी सांगितलं तिला?"

"कुनीच न्हाई," मी म्हटलं. "मी खाली वाकून बघितलंय."